अठ्ठावीस किलोचं इंजिन

माझ्या बहिणीचा नवरा घरी विमान बांधतो, ही गोष्ट मी पहिली दोन वर्षं कोणाला सांगितलीच नाही. गांधीबागेत ठोक कापडाचं दुकान चालवायचं, तर डोकं ठिकाणावर असलेला माणूस अशी ओळख टिकवावी लागते. नातेवाइकाचं वेड लोक आपल्यालाही चिकटवतात. मी आधीच चिडका म्हणून प्रसिद्ध, त्यात ही भर नको होती.

ताराचंद हे माझे भाऊजी. रुख्माताईचा आणि त्यांचा संसार प्रतापनगरात, तीन खोल्या आणि पुढं बऱ्यापैकी अंगण. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. भाऊजी लहानपणी मागाजवळ बसून तुटलेले धागे सांधायचे. पुढं आयटीआय केलं आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली. अंगानं काटकुळे, बोलायला कंजूष. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, पेन्शनरांच्या बाकावर बसून सरकारला शिव्या देतात. यांनी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि ॲल्युमिनियमचे पाइप आणले. एका माणसाचं विमान बांधायचं म्हणाले. नकाशे रीतसर मागवले होते, परवानगीचे कागद सुरू केले होते, आणि दक्षिणेत कुठंशी महिनाभर राहून उडवायलाही शिकून आले होते. म्हणजे आम्हाला कळलं तेव्हा थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी त्यांना थांबवायला जायचो आणि कामाला लागून यायचो. पंखांना ताणायचं कापड माझ्याच ओळखीतून आलं. दुकानात मी दिवसाला शेकडो मीटर कापड फाडतो, पण ते कापड मी पुन्हा पुन्हा उजेडाला धरून पाहायचो. यावर माणूस लटकणार. भाऊजींनी त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापली, छताला टांगली आणि खाली वजनं अडकवत गेले. पट्टी तुटेना. मला मात्र त्या रात्री बीपीची गोळी घ्यावी लागली.

खरी भांडणं झाली इंजिनावरून.

इंजिनं दोन होती. एक जुन्या व्हॅनचं, तीन सिलिंडरचं, भंगारातून आणून भाऊजींनी पुरतं उघडून बसवलेलं. दुसरं छोटं, टू-स्ट्रोक, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून आलेलं. दोन्ही वजन करायला माझ्या दुकानात आणली, कारण गाठी तोलायचा काटा माझ्याकडे. व्हॅनचं भरलं अडुसष्ट किलो, तेही रेडिएटर न धरता. छोटं भरलं अठ्ठावीस. माझा नोकर काट्यावरचं ते इंजिन पाहून म्हणाला, “शेटजी, हा तर लुनाचा मोठा भाऊ दिसून राहिला.” मी त्याला गप्प केलं, पण मनातून तो माझंच बोलला होता.

“भाऊजी, मोठं घ्या,” मी म्हणालो. “लाख लाख किलोमीटर रस्त्यावर पळते ते. कंपनीचं इंजिन आहे, खेळणं नाही.”

“रस्त्यावर पळते, कारण खाली रस्ता असते,” भाऊजी म्हणाले. “पिंटू, मोठं इंजिन अर्धी ताकद सोताचंच वजन उचलण्यात घालवते. मंग मले कोण उचलन?”

चोपन्नाव्या वर्षीही मी त्या घरात पिंटूच आहे, आणि पिंटूचं कोण ऐकतं. तरी मी हट्ट सोडला नाही. मोबाइलवर वाचून आलो होतो. टू-स्ट्रोक इंजिन न सांगता बंद पडतं, गरम झालं की पिस्टन अडकतो, असं तिथं ठिकठिकाणी लिहिलं होतं. आणि नागपूरची हवा म्हणजे काही थंड नव्हे. हे सगळं मी ताईसमोर वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. ताईचा चेहरा पांढरा झाला, आणि भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे रागानं पाहिलं.

मग ते ताईला समजावत बसले. “सूत बारीक हाये म्हणून तुटत नाही वं रुख्मा. झटका बसला म्हंजे तुटते. याले मी झटका बसू देणार नाही. आणि बंद पडनच असं धरूनच मी उडणार. खाली उतराले जागा हाये तिथंच उडणार.”

“बंद पडनच, असं तुम्हीच म्हणून राहिले,” ताई म्हणाली. एवढ्या लांबलचक बोलण्यातून तिनं तेवढंच ऐकलं होतं.

शेवटी छोटं इंजिनच ठरलं. ते लाकडी घोडीवर बांधून भाऊजींनी पन्नास तास अंगणात पळवलं. रोज सकाळी एक तास. शेजारच्या इंदुताई सुरुवातीला भांडायला आल्या, नंतर त्या आवाजावर कुकर लावायला लागल्या. भाऊजी नट आवळून झाला की त्यावर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका द्यायचे. नट सैल झाला तर ठिपका तुटतो आणि लगेच कळतं. ताईच्या चार बाटल्या त्या विमानानं संपवल्या. पन्नास तासांत इंजिन एकदाही आपणहून बंद पडलं नाही. मला त्यामुळे काडीचाही धीर आला नाही. मी म्हणायचो, जमिनीवर कोणीही शहाण्यासारखं वागतं.

गणपतीत ताईनं अट घातली. मी आरतीला गेलो होतो, म्हणून माझ्यासमोर घातली. “मी तुमाले अडवत नाही. अडवलं त तुम्ही आजारी पडसान. पण हे इंजिन एकदा जरी हवेत बंद पडलं, तर पुन्हा कधीच बसायचं नाही. जीव वाचला तरी नाही.”

भाऊजींनी थोडा विचार केला. “बरं,” म्हणाले. “दिला शब्द.”

भाऊजींचा शब्द म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. प्रणालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, शाळेत असताना त्यांनी तंबाखू सोडायचा शब्द दिला होता. त्यानंतर ती डबी घरात कोणी पाहिली नाही. तेव्हा आता सगळं त्या अठ्ठावीस किलोवर येऊन ठेपलं. ते चाललं तर माझी बहीण रोज मरणार. ते थांबलं तर भाऊजी मरणार, किंवा वाचून उडणं कायमचं सोडणार. यातलं नेमकं काय व्हावं अशी प्रार्थना करायची, ते मला कळेना.

पहिलं पूर्ण उड्डाण दसऱ्याला ठरलं. उमरेड रोडवर पाचगावच्या पुढं ओमप्रकाशची शेती आहे. तो भाऊजींचा कारखान्यातला जुना सोबती. त्याच्या पडीक तुकड्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून धावपट्टी केली होती. तिथं महिनाभर भाऊजी विमान नुसतं जमिनीवर पळवत होते, कधी हातभर उचलून पुन्हा टेकवत होते. परवानगीचा कागद आला होता. दसऱ्याच्या सकाळी वारा नव्हता.

आता आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा चुकत नाही. मागाची व्हायची, शिलाई मशीनची होते, माझ्या दुकानातल्या काट्याचीही होते. विमानाची होणारच होती. पण भाऊजींनी आदल्या दिवशी ताईला बसवून नीट सांगितलं होतं. नारळ फोडायचा नाही, करवंटीचा तुकडा पंख्यात जाईल. अक्षता टाकायच्या नाहीत, तांदूळ इंजिनात जाईल. कापूर नाही, उदबत्ती नाही, जवळ पेट्रोल आहे. हार नाही.

“मंग राहिलं काय?” ताईनं विचारलं होतं.

“कुंकू लाव ना.”

ताईनं मारुतीच्या देवळातून शेंदूर आणला. तेलात कालवलेला, घट्ट. उडणाऱ्या वस्तूला कुंकवापेक्षा मारुतीचा शेंदूर बरा, असं तिचं म्हणणं. त्यात चूक काढायला मलाही काही सापडलं नाही.

भाऊजींनी हातात कागद घेऊन एकेक गोष्ट तपासली. दहा मिनिटं इंजिन पळवून पाहिलं, बंद केलं, मागच्या टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं, टोपण लावलं. मग ताई पुढं झाली. तिनं पंखांना बोट लावलं, चाकांना लावलं, आणि शेवटी टाकीच्या टोपणावर चांगला रुपयाएवढा शेंदूर थापला. “यंत्र जिथून खाते तिथं लावाचं असते,” ती मला म्हणाली. “आमच्या सासूबाई मागावरच्या धोट्याच्या तोंडाले लावत.” सगळीकडे नखांच्या रंगाचे लाल ठिपके होतेच, त्यात हा एक मोठा. भाऊजी मागून फिरून आले, टोपणाजवळ क्षणभर थांबले, ताईकडे पाहिलं, आणि जाऊन बसले.

विमान उठलं तेव्हा मी खिशातली बीपीची गोळी काढून तोंडात टाकली. ओमप्रकाश मात्र टाळ्या वाजवत होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

ताई वर पाहत नव्हती. बांधावर बसून, पदराचं टोक मुठीत धरून ती खाली मुरमाकडे पाहत होती आणि नुसता आवाज ऐकत होती. मी तिला सांगत होतो, आता वळले, आता तुमच्या अंगणातल्या आंब्याच्या चौपट उंचीवर असतील, आता नाल्याकडे गेले. ती मान हलवायची. भाऊजी तीन फेऱ्या मारणार होते. पहिली फेरी झाली. दुसरीही झाली. मी घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं झाली होती. माझा सदरा पाठीला चिकटला होता. एवढी एक फेरी होऊ दे, मग मी तोंडातून एक शब्द काढणार नाही, असं मी मनाशी म्हणत होतो.

“पिंटू, आवाज बदलला,” ताई म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि मग आलं. इंजिन खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. सगळ्या शिवारात एकदम शांत झालं. ताईनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

विमान कोसळलं नाही. नाक थोडं खाली करून ते तिरपं येत गेलं. कपाशीचं रान ओलांडलं, नाला ओलांडला, आणि सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावरात टेकलं, उसळलं, एका बाजूला कलून उभं राहिलं. ओमप्रकाश जीप आणायला पळाला. मी सरळ वावरातून पळालो. कॉलेज सुटल्यापासून मी पळालो नव्हतो. धसकटं पायांत घुसत होती आणि मी भाऊजींना मोठमोठ्यानं शिव्या देत होतो, कारण शिव्या थांबल्या असत्या तर मी रडलो असतो.

पोचलो तेव्हा भाऊजी उतरून उभे होते. ओठ फुटला होता. एक चाक वाकलं होतं. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते टाकीचं टोपण फिरवत होते. ते ढिलं होताच आत हवा ओढल्याचा आवाज आला, फुस्स करून.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी टोपण माझ्यासमोर धरलं. मधोमध एक बारीक भोक असतं, आगकाडी जाईल एवढं. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. दुसरं नसलं तर तेल अडतं. टोपणाचं ते भोक त्या हवेचं होतं. ते शेंदरानं गच्च बुजलं होतं. भाऊजींनी अंगठ्यानं शेंदूर पुसला आणि काडीनं भोक मोकळं केलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे इंजिन निर्दोष होतं. दोन वर्षं मी ज्याला नावं ठेवली ते बिचारं शेवटच्या थेंबापर्यंत चाललं होतं, आणि आमच्या ताईनं त्याचं नाक दाबलं होतं.

“पाहिलं नव्हतं तुम्ही?” मी ओरडलो.

“पाहिलं होतं,” भाऊजी म्हणाले. “अंगठा तिथंवर गेला होता माझा. पण तिच्या समोर कसं पुसू? दसऱ्याचा दिवस, तिनं लावलेलं. वाटलं, एवढ्यानं काय होते.”

जीप आली. ताई उतरली, धसकटांतून सावकाश चालत आली. गुडघे दुखतात तिचे. तिनं भाऊजींच्या ओठाला पदर लावला, दोन्ही हात दाबून पाहिले, खांदे पाहिले.

ओमप्रकाश इंजिनाजवळ गेला. “ओढून पाहू का दोरी? पाहू तर, चालू होते का.”

“राहू दे गा,” भाऊजी म्हणाले.

“अबे, पण पाहाले काय जाते?”

“म्हटलं ना, राहू दे.” त्यांनी ओमप्रकाशचा हात धरून बाजूला केला. मग ताईकडे वळले. “बंद पडलं, रुख्मा. तू म्हणत होती तसंच झालं. लहान पडलं इंजिन.”

ताईनं विमानाकडे पाहिलं, टोपणावरच्या पुसट शेंदराकडे पाहिलं, आणि तिथंच हात जोडले. “मारुतीनं राखलं,” म्हणाली.

“हो,” भाऊजी म्हणाले.

परत येताना ताई पुढं ओमप्रकाशजवळ बसली होती. आम्ही दोघं जीपच्या मागं. मी दात-ओठ खात होतो. “सांगत काहून नाही तिले? इंजिन चांगलं आहे. उद्या उडू शकता तुम्ही.”

“शब्द दिला होता, हवेत बंद पडलं तर बसणार नाही. पडलं.”

“पण कशानं पडलं!”

“कशानं, असं ठरलं नव्हतं.” त्यांनी पुढं ताईकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, “सांगू तिले, तर ती उद्यापासून कोणत्या देवाले हात जोडन गा? मी वाचलो ना. झालं.”

त्यानंतर ताईनं ती गोष्ट सगळ्या प्रतापनगराला सांगितली. इंदुताईंना तर माझ्यादेखत तीनदा. इंजिन कसं दगा देऊन गेलं आणि शेंदरानं कसं तारलं. प्रत्येक वेळी मी चहाचा कप तोंडाला लावून गप्प बसायचो. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं, ते माझ्या बीपीला विचारा. भाऊजी शेडमध्ये जाऊन काहीतरी झाडत बसायचे. विमानावर त्यांनी ताडपत्री घातली होती. कोणी इंजिनाचं विचारलं की म्हणायचे, “माझीच निवड चुकली.” तेहतीस वर्षं ज्या माणसाच्या हातच्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही, तो हे म्हणायचा, आणि मला त्यांच्याकडे पाहवायचं नाही.

संक्रांतीनंतर अमरावतीचा एक पोरगा इंजिन घ्यायला आला. स्वानंद नाव. तोही असंच काहीतरी बांधत होता. इंजिन पुन्हा त्याच घोडीवर चढलं. भाऊजींनी टाकी जोडली, आणि त्यानं दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. इतकं सरळ, इतकं एकसारखं चाललं की इंदुताई गॅलरीत आल्या.

मी दाराकडे पाहिलं. ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हलली नाही. इंजिन बंद करेपर्यंत तशीच उभी होती, आणि मग ट्रे माझ्या हातात न देता आत वळली. मी मागोमाग गेलो.

तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. “हे तर चांगलं चालते,” ती म्हणाली.

“दुरुस्त केलं असन भाऊजींनं.”

“त्यांनं हातही लावला नाही त्याले दसऱ्यापासून. मी घरातच हाये ना.” ती माझ्याकडे पाहत नव्हती. “पिंटू, त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याले शेंदूर होता. टोपणावरचा पुसला होता त्यांनं. लावलेलं कधी पुसत नाहीत ते. मले तवापासून झोप नाही. माझ्यानं काही चुकलं का रे? खरं सांग. तू तिथं आधी पोचला होता.”

बाहेर भाऊजी त्या पोराला टोपण दाखवून काहीतरी बारीक आवाजात समजावत होते. तीन महिने जे वाक्य मी दाताखाली धरून बसलो होतो, ते आता ती स्वतःहून मागत होती. ट्रेमधले तेच कप ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

“तुझं काय चुकणार वं ताई,” मी म्हणालो. “उतरताना हात टेकला त्यांचा टोपणावर. पिस्टन अडकला होता गरम होऊन. मी सोता पाहिला. थंड झालं की सुटते ते. मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, टू-स्ट्रोक घेऊ नका.”

“खरंच?”

“तुझी शपथ.”

ताईनं डोळे पुसले आणि कपांतला गार झालेला चहा पुन्हा पातेल्यात ओतायला लागली. मी चोपन्न वर्षांचा आहे आणि रोज गिऱ्हाइकांशी बोलतो, पण इतकं धडधडीत खोटं मी गांधीबागेतही कधी बोललो नव्हतो.